ऐकलं तर सुतक

भाजे गावातले श्रीपती आबा दिवाळीपासून मरत होते. हे काम त्यांनी सावकाश चालवलं होतं. अधूनमधून त्यांचा श्वास वर लागायचा, कुणीतरी गंगाजलाची बाटली शोधायचं, भावकी ओट्यावर जमायची, बायका पदर तोंडाला लावून तयारीत राहायच्या. मग आबा एक डोळा उघडून विचारायचे, "च्या टाकला का?" चहा पिऊन भावकी घरी जायची. उन्हाळा लागेपर्यंत लोकांना याची इतकी सवय झाली की काही जण येताना आपापला कप घेऊन येऊ लागले.

या सगळ्यात खरा जीव टांगणीला लागला होता तो हौशीरामचा.

हौशीराम पोटासाठी मळवलीतला एक बंगला सांभाळायचा. मालक मुंबईचे, ते कधीमधी यायचे आणि पोहायच्या टाकीत पानं का पडतात असं विचारून परत जायचे. पण गावात त्याची ओळख वेगळी होती. भाज्यात कुणीही गेलं की तिरडी हौशीराम बांधायचा. माणूस गेला की पहिला फोन हौशीरामला, मग पोरांना, मग जावयांना. पोरं उशिरा आली तर थांबता येतं, बांबू उशिरा आला तर सगळ्यांचाच खोळंबा होतो. एकदा तर लोकांनी इतकी घाई केली की फोन आधी आला आणि म्हातारी मागाहून गेली.

ही विद्या त्याला श्रीपती आबांनीच दिलेली. आपल्या उमेदीत गावचे मांडवही तेच बांधायचे आणि तिरड्याही तेच. "गाठी दोनच हायेत, हौशा," ते शिकवताना म्हणाले होते. "मांडवाची गाठ येका हिसक्यात सुटली पायजे. तिरडीची सुटताच कामा न्हाई. ह्यात घोळ केलास तर दोनी घरची बोलनी खाशील."

आता हौशीरामच्याच दारात मांडव पडायचा होता. त्याच्या सारिकाचं लग्न कामशेतच्या समर्थशी ठरलं होतं. मुलगा जहाजावर खानसामा होता. रजा संपली की जहाज निघणार आणि मग वर्षभर त्याचा पत्ता समुद्र. लग्नाची तारीख याआधी दोनदा धरली होती. दोन्ही वेळा ऐन मुहूर्ताच्या तोंडावर भावकीत कुणीतरी गेलं आणि सुतक लागलं. हौशीरामची भावकी म्हणजे निम्मं भाजे, आबाही त्यातलेच, तेव्हा यात नवल काही नव्हतं. पण दुसऱ्या वेळी समर्थच्या आईनं स्वच्छ सांगितलं होतं, "आता तिसऱ्यांदा सुतक निघालं, तर आमी समजू की तुमच्या भावकीलाच हे लग्न मान्य न्हाई. पोराला दुसरी बघू."

हे सारिकाला कळलं. त्या दिवसापासून ती सकाळ-संध्याकाळ श्रीपती आबांना गरम सूप नेऊन द्यायला लागली.

लग्न रविवारी गोरज मुहूर्तावर. त्याआधीच्या सोमवारी हौशीराम दारात मांडव बांधत होता. समोरच्या ओट्यावर आबा खाटेवर पडून बघत होते. हौशीरामचं एक लक्ष सुंभाकडे आणि एक आबांच्या छातीच्या भात्याकडे. दुपारी भाता थांबला. हौशीरामच्या हातातला सुंभही थांबला. मग आबा शिंकले आणि दोन्ही पुन्हा सुरू झालं.

संध्याकाळच्या आत महिपतभाऊंनी त्याला गोठ्यामागं बोलावलं. महिपतभाऊ हे रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ; भावकीतला सगळा शास्त्रार्थ त्यांच्याकडं असायचा. पंचांग त्यांना पाठ होतं, आणि जे पंचांगात नव्हतं ते तर जास्तच पाठ होतं.

"हौशीराम, नीट ध्यान दे. सुतक मेल्यानं लागत न्हाई. ऐकल्यानं लागतं."

"म्हंजे?"

"म्हंजे मानूस काशीत मेला आन् तुला कळलंच न्हाई, तर तुला कुटलं सुतक? कळंल तवा लागंल. आन् येकदा का रविवारी सकाळी कुळाच्या झाडाची डहाळी बसली, देवक बसलं, की मग कुनीबी मरू दे. घरात कार्य सुरू झालं, आता सुतक शिवत न्हाई. सवाल फकस्त रविवारपातुर हाय. तंवर तू ऐकू नकोस."

"भाऊ, सगळं गाव ऐकंल आन् मीच कसा ऐकनार न्हाई? पयला फोन मलाच येतो."

"म्हनून तर म्हंतो, जा. लय लांब जा. जितं जमीन संपती तितं बातमीबी संपती. आन् ह्यातलं कुनाला बोलू नको."

घरी हौशीरामनं ही योजना बायकोला सांगितली. नंदाबाई पापड लाटत होती.

"मी गेलो, पर तुजं काय? तू ऐकलंस तरी लागंलच की."

"मी कानात कापूस घालते," नंदाबाई म्हणाली. "आन् न्हाई घातला तरी काय. लग्न झाल्यापासनं मी तुमचं ऐकत न्हाई, चार दिस गावाचं न ऐकायला काय जड हाय?"

हौशीरामनं फोन तांदळाच्या कणगीत खोल पुरला आणि पुणं गाठलं. स्टेशनावर खिडकीतल्या बाबूला त्यानं विचारलं, "सगळ्यात लांब कुटली गाडी जाती?"

"कन्याकुमारी."

"त्याच्या फुडं?"

"त्याच्या पुढं समुद्र आहे, काका."

"मग तेच द्या."

गाडीत सोलापूर जाईपर्यंत मराठी होती. तेवढा वेळ तो वरच्या बाकावर तोंडावर टॉवेल टाकून पडून राहिला. मग कानडी आली, मग तेलुगू, मग आणखी काय काय. जसजसं कळेनासं होत गेलं तसतसं हौशीरामला बरं वाटू लागलं. कुणीतरी शेजाऱ्याला काकुळतीनं काही सांगत होतं; ते मरणाचं असेल, लग्नाचं असेल, नाहीतर इडलीचं. हौशीरामनं सगळ्याला मान डोलावली. उभ्या जन्मात त्याला इतकी शांत झोप लागली नव्हती.

कन्याकुमारीला पहिल्याच पहाटे तो सूर्योदय बघायला गेला. तीन बाजूंना पाणी. बातमीला यायचं म्हटलं तरी पोहत यावं लागेल. हौशीरामनं दोन्ही हात कमरेवर ठेवून समाधानाचा श्वास घेतला, आणि मागून आवाज आला, "हौशा?"

त्यानं वळायच्या आधी कान झाकले. वळला तर समोर भिमाजी. त्याचा चुलतभाऊ, भाज्यात चार घरं सोडून राहणारा. भिमाजीनंही कान झाकलेले होते.

"काय कळलं का तुला?" भिमाजी ओरडला. हौशीरामचे कान बंद असल्यामुळे त्याला ते कळलं नाही. तोही ओरडला, "मला काय सांगू नको." तेही कुणाला कळलं नाही. दोघं तसेच समोरासमोर उभे राहिले. शेजारी एक गुजराती कुटुंब होतं. त्यांना वाटलं हा इथला काही विधी असावा. सूर्य पुरता वर येईपर्यंत त्यांनीही पोराबाळांसकट कान धरले.

शेवटी भिमाजीनं वाळूत बोटानं लिहिलं, "मी सोमवारी निघालो." हौशीरामनं खाली लिहिलं, "मी पन." म्हणजे ह्याची बातमी आपल्यापेक्षा ताजी नाही. दोघांनी हात खाली घेतले.

"त्याच गाडीनं?"

"मागच्या डब्यात व्हतो. तोंडावर टॉवेल टाकून."

"पर तू कशापायी?"

"वास्तुशांत हाय माजी, रविवारी. ही टळली तर दिवाळीपातुर मुहूर्त न्हाई. तंवर म्हशीसंगं ऱ्हायचं व्हय? महिपतभाऊ म्हनले, लांब जा, कुनाला बोलू नको."

"मलाबी तेच म्हनले."

दोघांनी ठरवलं की गावाचा विषय काढायचा नाही. हौशीराम जरा वेळानं म्हणाला, "यंदा आंबा..." भिमाजी म्हणाला, "आंबा गावचा." हौशीराम म्हणाला, "तब्येत बरी हाय न्हवं?" भिमाजीनं संशयानं विचारलं, "कुनाची?" तिथून पुढं दोघांनी नुसता समुद्र बघितला. गाव वगळलं तर आपल्याकडं बोलायला काहीच नाही, हे दोघांनाही पहिल्यांदाच कळत होतं.

नाश्त्याला ज्या हॉटेलात गेले तिथं कोपऱ्यात एक माणूस तमिळ वर्तमानपत्र उघडून बसला होता. पेपर उलटा होता. पेपराखाली ओळखीचं धोतर होतं.

"भाऊ," हौशीराम म्हणाला.

पेपर खाली आला. महिपतभाऊंनी दोघांकडं बघितलं आणि अजिबात न गडबडता म्हणाले, "नातवाचं जावळ हाय."

"रविवारी?"

"रविवारीच. बसा. येकमेकाला बघन्यानं सुतक लागत न्हाई. फकस्त बोलू नका."

"तुमी तर मला येकट्यालाच सांगितलंवतं," भिमाजी कुरकुरला.

"परत्येकाला येकट्यालाच सांगितलं. येका टायमाला दोघांना सांगितलं असतं तर ती चर्चा झाली असती."

तिघांनी डोसे मागवले. डोसा मोडता मोडता हौशीरामचा हात थांबला.

"भाऊ, तुमी हितं. भिमाजी हितं. मी हितं. मग गावात हाय कोन?"

भिमाजी बोटांवर भावकी मोजू लागला.

"समजा, झालं काय. तर खांदा कोन देनार? आन् बांबू?" हौशीरामच्या डोळ्यांसमोर ओट्यावरची खाट आली. ज्या माणसानं आपल्याला गाठ शिकवली त्याचीच गाठ बांधायला आपण नाही, आपण इथं नारळाची चटणी खातोय. "कुनीतरी परका मानूस येऊन नायलॉनच्या दोरीनं बांधंल हो त्यांना."

"हौशीराम, हा विचारबी ऐकन्यातच धरतात," महिपतभाऊ म्हणाले. पण त्यांनीही डोसा बाजूला सारला.

दुपारी तिघं समुद्रातला खडक बघायच्या बोटीसाठी रांगेत उभे राहिले. मन रमत नव्हतं, पण एवढं लांब येऊन बघितलं नाही तर गावात काय सांगणार, आणि मुळात गेलो होतो हेच सांगायचं नव्हतं, तरीही. रांगेत पुढं चाकांची खुर्ची होती. खुर्चीत माकडटोपी घातलेले एक म्हातारबाबा शहाळं पीत होते. नळीनं तळाशी घरघर करून त्यांनी मान वळवली.

"काय रं हौशा. बांबू संगं आनलेस का?"

भिमाजीनं सवयीनं कान झाकले. महिपतभाऊ तोंडासमोर धरायला नसलेला पेपर शोधू लागले.

खुर्चीमागं आबांची नात कोमल उभी होती. चिंचवडला नोकरीला असते ती. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "काका, तुम्ही इथं काय करताय?"

"आमी काय करतोय? आबा हितं काय करतायत? ह्यांचा तर सोमवारी श्वास थांबलावता."

"मंगळवारी पहाटे मला फोन करून बोलावून घेतलं. घरी सांगितलं पुण्याला दवाखान्यात नेते, आणि विमानानं आणलं."

"विमानानं?" भिमाजीला हे लागलं. तो दोन रात्री मुतारीशेजारच्या बाकावर काढून आला होता.

"तिला काय इचारतो, मला इचार," आबा म्हणाले. "ती सारिका दिसातनं दोन बारी सूप आनून माझ्या तोंडाकडं बघत बसायची. पोरगी काय बोलत न्हाई, पर मला कळंना व्हय? म्हटलं, ह्या खेपंला काय माझा भरवसा न्हाई. गावात मेलो तर सगळ्या भावकीला सुतक. त्यापरास लांब जाऊन मरावं. जितं आपलं कुत्रं वळखत न्हाई, तितं. कोमलला म्हटलं, रविवारपातुर कुनाला कळवू नको. मंग निवांत सांग." त्यांनी तिघांकडं आळीपाळीनं बघितलं. "लय बेस जागा गावलीवती. आन् तुमी समदी भावकी घिऊन हितंच येऊन बसलाय. आता मरू कुटं मी?"

रांगेतले लोक मागून ढकलत होते.

महिपतभाऊ सावरले. "आबा, आता तुमाला मरता येनार न्हाई. तिघांदेखत गेलात तर बघनं आलं, आन् बघनं म्हंजे ऐकन्याचा बाप."

"ते मलाबी कळतंय रं," आबा खिन्नपणे म्हणाले. "दुसरं शहाळं आन."

परतीची विमानाची दोन तिकिटं कोमलकडं होती, पण आबांना एकटं पुढं पाठवायला कुणी तयार होईना. वाटेत काही झालं तर बातमी विमानानं जाणार आणि हे तिघं रेल्वेनं. तेव्हा सगळेच रेल्वेनं निघाले. आबांना खालचा बाक दिला. तिघं समोर बसून त्यांच्या छातीकडं बघत राहिले.

आबांना हे फार आवडलं. साठ वर्षं बांधणारा माणूस म्हणून त्यांना मान होता, पण असा नव्हता. दर स्टेशनाला ते डोळे मिटून पुटपुटायचे, "जरा गरगरतंय. केळाचे वेफर मिळाले तर बघ." वेफर आले की गरगर थांबायची. एका ठिकाणी त्यांनी खिडकी मागितली, एका ठिकाणी भिमाजीची उशी, एका ठिकाणी भिमाजीनं उठून दारात उभं राहावं अशी इच्छा सांगितली. भिमाजी उभा राहिला. वास्तुशांत त्याची होती.

रात्र झाल्यावर, बाकीचे पेंगल्यावर, आबा हळूच म्हणाले, "हौशा, माजी तूच बांध बरं का. बाकीचे ढिली बांधत्यात."

"तुमी आदी झोपा," हौशीराम म्हणाला. मग लगेच म्हणाला, "न्हाई, झोपू नका. नुसतं पडा."

गाडी वाटेत कुठंतरी रुसून बसली आणि तिला निघावंसं वाटेपर्यंत शनिवार संपत आला. पुण्याला पोचेतो रविवार उजाडणार हे दिसू लागलं. देवकाचा मुहूर्त सकाळचा. बाप हजर नाही तर देवक बसणार कसं? कोमलनं सारिकाला फोन लावला. सारिकानं आबांच्या नातीचं नाव बघितलं आणि जे समजायचं ते समजून फोन बंद केला. पुन्हा लावला, पुन्हा बंद. नंदाबाईनं तर कापसामुळे घेतलाच नाही.

"फोटो धाड," महिपतभाऊ म्हणाले. "फोटो बघनं म्हंजे ऐकनं न्हाई. आन् आबा जित्ते हायेत, म्हंजे बघन्यातबी धरत न्हाईत."

कोमलनं फोटो पाठवला. मधोमध माकडटोपीतले आबा केळाचे वेफर खाताना, आणि अवतीभवती बेपत्ता भावकी. खाली लिहिलं, "गाडी लेट. सकाळच्या लोकलनं मळवली." सारिकाचं उत्तर यायला वेळ लागला. मग एकच ओळ आली, "आबांना पांघरूण घाला."

पुण्याहून लोकलमध्ये बसले तेव्हा सगळ्यांचे डोळे तारवटले होते. तळेगावपर्यंत आबा बोलत होते. कामशेत आलं, व्याह्यांचं गाव, आणि आबांची मान हौशीरामच्या खांद्यावर कलली. डोळे मिटले. हौशीराम ताठ झाला.

"आबा?"

उत्तर नाही. त्यानं महिपतभाऊंकडं बघितलं. महिपतभाऊ झटकन खिडकीबाहेर बघू लागले. "मी भातखाचरं बघतोय," ते म्हणाले. "तूबी बघ. हात लावू नको. नाकाशी बोट धरू नको. जे म्हाईत न्हाई ते झालेलं नस्तं."

हौशीराम खाचरं बघू लागला. खांद्यावर टोपीचं वजन होतं. त्याच्या मनात एकाच वेळी दोन गोष्टी चालल्या होत्या, सारिकाचं लग्न आणि कुठल्या बेटातला बांबू सरळ आहे, आणि त्याला स्वतःची फार लाज वाटत होती.

मळवलीला लोकल मिनिटभर थांबते. दार समोर आलं तेव्हा फलाटावर सनई वाजत होती. नंदाबाई नऊवारीत, कानात कापूस, हातात सूप. सुपात डहाळ्या, कुऱ्हाड, नारळ. मागं सारिका हळदीच्या साडीत, शेजारी गुरुजी. लोहगडला निघालेली सहलीची पोरं बाकांवर चढून फोटो काढत होती. मुहूर्त घरापर्यंत थांबणार नाही हे बघून नंदाबाईनं देवकच स्टेशनवर आणलं होतं.

हौशीराम आणि भिमाजीनं आबांना आहे तसं उचललं आणि बाकावर टेकवलं. आबांची मान कोमलच्या खांद्यावर गेली. कोमल काही बोलायला गेली तर महिपतभाऊंनी बोट ओठांवर ठेवलं. नंदाबाईनं नवऱ्याला बाजूला ओढलं, उपरण्याला पदराची गाठ मारली, गुरुजींनी घाईनं मंत्र म्हटले, पाण्याच्या नळाशेजारी डहाळी बसली. सनईवाल्यानं सूर लांबवला. देवक बसलं. त्याच हिसक्यात महिपतभाऊंनी नातवाचं जावळ आणि भिमाजीनं आपली वास्तुशांतही सुरू झाल्याचं जाहीर करून टाकलं. नियमात बसतं का हे ठरवणारा माणूस स्वतःच जाहीर करत होता.

आता कसलीच हरकत नव्हती. पण बाकाकडं वळायचा धीर कुणाला होईना. शेवटी नंदाबाईनं कानातला कापूस काढला आणि मोठ्यानं विचारलं, "आता सांगा. गेले का?"

माकडटोपी हलली. "कोन गेलं?" आबा ताडकन उठून बसले. "मला कसं कुनी सांगितलं न्हाई? मला सुतक असंल तर लग्नात जेवायला कसं बसायचं?"

सारिका बाकापाशी जाऊन खाली बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून तिनं पहिल्यांदा रडून घेतलं. "येडी का काय," आबा म्हणाले. "सूप आनलंस का?"

लग्न लागलं. समर्थच्या आईनं जेवणाला नावं ठेवली, म्हणजे सगळं रीतसर झालं. जावई जहाजावर गेला. आबांनी पंगतीत तीन वेळा मठ्ठा मागितला आणि त्यानंतर मरायचा विषयच काढला नाही, कारण कोमलचंही आता कुठंतरी जमत आलं होतं आणि महिपतभाऊंनी त्यांना दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलं होतं.

चार दिवसांनी हौशीराम मांडव सोडायला चढला. गाठीला हिसका दिला. सुटली नाही. दुसरी ओढली, ती आणखी आवळली. तो एकेक गाठ हातात घेऊन बघत गेला. त्या सोमवारी एक डोळा आबांच्या छातीवर ठेवून त्यानं अख्खा मांडव तिरडीच्या गाठीनं बांधला होता. पोरीचं लग्न त्याखाली लागलं होतं.

समोरच्या ओट्यावर आबा खाटेवर बसले होते. हौशीराम खाली उतरून त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला.

"आबा, तुमी बघत व्हता. बोलला का न्हाई?"

"बघितलं की," आबा म्हणाले. "पयल्या गाठीलाच बघितलं. म्हटलं ऱ्हाऊ दे. पोरीचा संसार हाय, सुटनारी गाठ कशाला मारायची."

मांडव अजून हौशीरामच्या दारात आहे. नंदाबाई त्यावर पापड वाळवते. दुपारी आबा खाट ओढून त्याच्या सावलीत पडतात, आणि घरात फोन पुन्हा पुरून ठेवलेल्या कणगीतला तांदूळ कधीमधी वाजतो. नंदाबाई म्हणते, वाजू दे.